लाजेचा हिशेब

(मांजरी बुद्रुक इथं तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुम्ही मला विषय दिलात : पुस्तकं, गाणी आणि त्यातून मिळालेली प्रेरणा. विषय ऐकायला गोड आहे. हाच विषय पेठेतल्या एखाद्या सभागृहात असता तर वक्त्यानं पहिल्यांदा आपल्या वडिलांचं कपाट उघडलं असतं. काचेचं कपाट, वरच्या फळीवर ज्ञानेश्वरी, खाली फडके-खांडेकर, कोपऱ्यात गवसणी घातलेला तंबोरा. मग वाचनाचा छंद कसा लागला, कान कसा तयार झाला, हे त्यानं रंगवून सांगितलं असतं. सांगू द्या. त्याच्या घरात कपाट होतं.

माझ्या घरात पत्र्याची एक पेटी होती. तीत रेशनकार्ड, बापाच्या कामावरची कागदं आणि बाबासाहेबांचा फोटो. तुमच्यातल्या पुष्कळांच्या घरचं सामान याहून वेगळं नसणार. म्हणून छंद हा शब्द मी इथंच दाराबाहेर ठेवतो. पिढ्यान् पिढ्या ज्याच्या घरात अक्षर येऊ दिलं नाही, त्याच्या हातात पहिलं पुस्तक पडतं तेव्हा त्याला छंद लागत नाही, ठेच लागते. त्या ठेचेबद्दल मी बोलणार आहे. सुरांबद्दलही बोलणार आहे, पण रागदारी मला कळत नाही हे आधीच सांगतो.

पहिल्यांदा एक हिशेब मांडू. अक्षर आणि सूर या दोन गोष्टी आपल्याशी सारख्या वागल्या नाहीत. अक्षर आपल्याला बंद होतं. सूर बंद नव्हता. तो सक्तीचा होता. गावच्या जत्रेत हलगी कुणी वाजवायची? मांगानं. तमाशाच्या बोर्डावर ढोलकी, तुणतुणं, घुंगरू घेऊन कुणी उभं राहायचं? महारानं, मांगानं, कोल्हाट्यानं. देव देवळात, वाजवणारा पायरीखाली. वरात पुढं, वाजवणारा धुरळ्यात. बोटं आमची फुटायची आणि कौतुक व्हायचं नवरदेवाच्या घोड्याचं. वाजवून झालं की उरलंसुरलं पदरात. म्हणजे आमच्यात कला होती, पण ती वेठीला धरलेली. हे ध्यानात ठेवा. कारण पुढं आपल्या लोकांनी जे केलं ते याच हलगीवर केलं.

आता बाबासाहेबांकडं येऊ. बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू, असं त्यांनी १९५४ साली मुंबईतल्या एका भाषणात सांगितलं. आपण ही तीन नावं जयंतीच्या बॅनरवर छापतो. हे तीन गुरू बाबासाहेबांपर्यंत पोचले कसे, हे मात्र फारसं विचारत नाही. मी विचारून बघितलं आणि मला आजच्या विषयाचं उत्तर तिथंच मिळालं.

कबीर आला कानातून. सुभेदार रामजी कबीरपंथी. घरात रोज भजन, दोहे, अभंग. लेकरांना बसावंच लागे, म्हणावंच लागे. कबीराचा ग्रंथ हातात येण्याच्या कितीतरी आधी कबीर त्या पोराच्या कानात बसला होता. पुढं परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत तेच वडील रात्री दोन वाजता पोराला अभ्यासाला उठवत. सूर आणि अक्षर त्या घरात एकाच माणसानं आणलं.

बुद्ध आला भेट म्हणून. भीमराव चर्नीरोडच्या बागेत वाचत बसायचा. कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे एक मास्तर तिथं यायचे. त्यांनी विचारपूस केली, पुस्तकं देऊ लागले. १९०७ साली हा मुलगा मॅट्रिक झाला, वस्तीनं सभा भरवली, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं मराठी चरित्र त्याच्या हातात ठेवलं. एक पुस्तक. तिथून मोजा. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. एकोणपन्नास वर्षं लागली त्या एका पुस्तकाला लाखो माणसांपर्यंत पोचायला. पुस्तक वाचून लगेच क्रांती होते असं मी म्हणणार नाही. पण दिलेलं पुस्तक फुकट जात नाही, एवढं हा हिशेब सांगतो.

आणि फुले? फुले वारले १८९० साली, बाबासाहेब जन्मले १८९१ साली. भेट नाही, कानावर आवाज नाही. फुले आले छापलेल्या शब्दांतून आणि सत्यशोधकांनी जागवलेल्या माणसांतून. १९४६ साली बाबासाहेबांनी ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा ग्रंथ फुल्यांना अर्पण केला.

मित्रांनो, हा तिसरा गुरू तुमच्या मातीतला आहे. जोतीराव फुल्यांची शेती या मांजरीला होती. १८८२ साली हंटर कमिशनपुढं निवेदन देताना त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी करून दिली. यातला शेतकरी मांजरीचा. आज ‘महात्मा’ म्हटलं की आपल्याला पुतळा आठवतो, पागोटं आठवतं. या शिवारात ढेकळं तुडवणारा, पाण्याची वाट बघणारा माणूस आठवत नाही. कालव्याची पाणीपट्टी चोख वसूल होते आणि पाणी वेळेवर मिळत नाही, ही तक्रार त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडली. ज्याच्या पायाला चिखल लागलाय त्याचीच ही तक्रार असते.

‘असूड’ची आणखी एक गोष्ट. ते १८८३ साली लिहून झालं. पण ते लोकांपर्यंत आधी छापून गेलं नाही. फुल्यांनी त्याचे भाग गावोगाव वाचून दाखवले. कुठं कुठं, ते त्यांनीच सुरुवातीला नोंदवून ठेवलंय : पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर अशी नावं आहेत, आणि त्यात हडपसर आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपुढंही तेच वाचलं. राजवाड्यात जे वाचलं तेच हडपसरला वाचलं, शब्द पातळ केले नाहीत. हडपसर म्हणजे इथून सायकलनं जायचं अंतर. तिथं जमलेल्यांत किती जणांना वाचता येत असेल? मोजके. बाकीचे ऐकत होते. आपलं दारिद्र्य हे नशीब नाही, त्याला कारणं आहेत, ती कारणं माणसांनी बनवलीत, हे त्यांच्या कानावर त्यांच्याच भाषेत पडत होतं. विद्या गेली तिथून सगळं कसं गेलं, ते सांगणाऱ्या त्या ओळी आज शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या असतात, त्या मी इथं म्हणत नाही. भिंतीवर असलं की माणूस वाचायचं सोडतो.

तेव्हा माझं पहिलं म्हणणं हे : आपल्याकडं पुस्तक डोळ्यातून आलं नाही, कानातून आलं. ज्याला एकट्यानं वाचता येत होतं त्यानं दहांना वाचून दाखवलं. पुस्तक खाजगी मालमत्ता झालं ते पेठेत. आपल्याकडं ते सार्वजनिक पाणवठ्यासारखं होतं.

कानातून आत गेलेलं अक्षर नुसतं साठून राहत नाही, ते बाहेर पडायला बघतं. फुले-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे, मांगाची पोर. वय चौदाच्या आसपास, शाळा जेमतेम तीन वर्षांची. १८५५ साली तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आम्ही ग्रंथाशिवायची माणसं ठरलो, मग आमचा धर्म कोणता, असा सरळ हिशेब तिनं मागितला. बाळंतपणात आमच्या बायांच्या डोक्यावर छप्पर नसतं, हेही तिनं लिहिलं. तीन वर्षांच्या शाळेनं तिला काय दिलं? नोकरी नाही, पदवी नाही. प्रश्न दिला. आणि तो तिनं स्वतःपाशी ठेवला नाही.

आता गाण्याकडं या. सत्यशोधकांनी तमाशाची घडण उचलली आणि आतला माल बदलला. गण, गवळण, बतावणी, सगळं लोकांच्या ओळखीचं, पण आत सावकारी, भटशाही, शाळेची गरज. तिथून पुढं आंबेडकरी जलसे आले. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार गावोगाव फिरले. १९२७ चं चवदार तळं, १९३० पासूनचा काळारामाचा सत्याग्रह, मेलेली ढोरं ओढायची नाहीत, दारू सोडा, पोरं शाळेत घाला : हे सगळं त्यांनी गाऊन सांगितलं. कर्डकांनी या जलशांवर १९७८ साली पुस्तक लिहिलं. ते शोधून वाचा. आपल्या दहा सभांचं काम जलशाचं एक गाणं करतं, असं बाबासाहेब म्हणाल्याचं जलसेकरी सांगत आले.

यातली खुबी बघा. तीच हलगी, तीच ढोलकी, तोच घसा. काल पाटलाच्या दारात वेठ म्हणून वाजत होती, आज स्वतःच्या वस्तीत, स्वतःच्या लोकांपुढं, स्वतःचं दुःख सांगायला वाजतेय. हलगीचं चामडं बदललं नाही. मालक बदलला. हे काम कुठल्या अकादमीनं केलं नाही. अंगठेबहाद्दर माणसांनी केलं.

अंगठेबहाद्दर हे मी शिवी म्हणून म्हणत नाही. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२. मुंबईत मजुरी करत होते. कुणीतरी पत्र वाचून मागितलं आणि यांना वाचता येईना. रडू फुटलं. मग भरल्या वयात मास्तरांकडून बाराखडी शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत अक्षर पक्कं केलं. १९४३ पासून गाणी लिहू लागले ते २००४ साली मरेपर्यंत. आज महाराष्ट्रात असं एक बुद्धविहार दाखवा जिथं वामनदादांचं गाणं पोचलं नाही. अण्णा भाऊ साठे, वाटेगावचे, जन्म १९२०. शाळा दीड दिवसाची. मुंबईत सिनेमाची पोस्टरं आणि पाट्या वाचत शिकले. त्यांनी ‘फकिरा’ लिहिली आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९५८ सालच्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनीच केलं.

आणि हे फक्त आपल्याकडं घडलं असं समजू नका. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामाला लिहाय-वाचायला शिकवणं कायद्यानं गुन्हा होता. फ्रेडरिक डग्लस नावाच्या गुलाम पोरानं बाल्टिमोरच्या रस्त्यावर गोऱ्या पोरांना भाकरीचा तुकडा देऊन बदल्यात अक्षरं घेतली. उपाशी पोरं होती ती, गोरी असली तरी. १८४५ साली त्यानं आपली कहाणी छापली. त्यात तो गुलामांच्या गाण्यांबद्दल सांगतो. लोकांना वाटतं गुलाम गातोय म्हणजे सुखात आहे. डग्लस म्हणतो, गुलाम सगळ्यात जास्त गातो तो दुःखात. हे वाचताना मला जात्यावर बसलेली माझी आजी दिसली. १८७३ साली फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. १९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर उभे राहिले, १९७२ साली मुंबईत दलित पँथर. ते नाव सातासमुद्रापलीकडून छापील कागदावरच आलं. तेव्हा आपल्यातलं कोण विमानानं गेलं होतं?

आता माझं. विषयात ‘प्रेरणा’ आहे म्हणून स्वतःबद्दल बोलणं भाग आहे, थोडक्यात बोलतो.

शाळेत शिष्यवृत्तीची यादी मोठ्यानं वाचली जायची. नाव, आडनाव, मग जात. तेवढ्यापुरता वर्ग गप्प व्हायचा. मी उठायचो, सही करायचो, खाली बसायचो. पैसे थोडे, लाज भरपूर. आई कांदे निवडायला खळ्यावर जायची. तिच्या लुगड्याला वास यायचा म्हणून मी तिला शाळेकडं येऊ द्यायचो नाही. ही लाज कुठून आली ते मला ठाऊक नव्हतं. ती माझीच आहे, माझ्यातच काहीतरी कमी आहे, असंच मी धरून चाललो होतो.

मग दया पवारांचं ‘बलुतं’ हातात आलं. १९७८ चं पुस्तक, माझ्यापर्यंत ते उशिरा, फाटक्या मुखपृष्ठाचं आलं. त्यात शिकलेला दया पवार आणि जुना दगडू मारुती पवार समोरासमोर बसून बोलतात. एक जण विसरू पाहतोय, दुसरा विसरू देत नाही. मी रात्रभर वाचलं. सकाळी मी काही हुशार झालो नव्हतो, शूरही झालो नव्हतो. पण एक गोष्ट कळली होती : हे दुसऱ्या कुणाच्या घरातही झालंय. अगदी असंच. म्हणजे ही लाज माझ्या एकट्याची पैदास नाही. ती कुणीतरी माझ्याकडं ठेवायला दिलेली आहे, आणि ज्याची आहे त्याला ती परत केली पाहिजे.

मित्रांनो, मला पुस्तकानं दिलं ते एवढंच. लाज उचलली आणि त्या जागी प्रश्न ठेवला. लाज माणसाला खाली बघायला लावते, प्रश्न वर बघायला लावतो. ‘बलुतं’ आलं तेव्हा आपल्यातल्याच काही शिकल्या-सवरल्यांनी कुरकुर केली, घरातली घाण चव्हाट्यावर कशाला आणली म्हणून. त्यांचं दुखणं मी समजू शकतो. वर चढल्यावर खालची शिडी कुणी बघू नये असं वाटतंच. पण घाण आपण केली नव्हती. ती आपल्याला उचलायला लावली होती. लपवायची कशाला?

गाण्याचं काम निराळं. आई निरक्षर, पण भीमगीतं शंभराच्या वर पाठ. ‘बलुतं’ मला एकट्याला कळलं, कंदिलाशेजारी. आईचं गाणं एकटीचं कधीच नव्हतं. ती एक ओळ म्हणायची, शेजारीण दुसरी उचलायची, वस्तीतल्या चार बाया येऊन बसायच्या. पुस्तकानं मला प्रश्न दिला, पण तो चारचौघांत उभं राहून विचारायचं बळ त्या बायांच्या आवाजातून आलं. एकट्याच्या तोंडी प्रश्न आला की त्याला उद्धट म्हणतात. शंभर जण एका सुरात तोच प्रश्न म्हणाले की त्याला चळवळ म्हणतात.

बायांचं नाव निघालं म्हणून सांगतो. फलटणच्या बेबीताई कांबळे. छोटंसं दुकान चालवायच्या. सामान बांधायला रद्दी यायची ती रद्दी त्या वाचायच्या. पुडी बांधायच्या आधी कागद वाचायचा. आणि लिहायच्या चोरून, नवऱ्याच्या नजरेआड वह्या लपवून, कितीतरी वर्षं. त्यातून ‘जिणं आमुचं’ झालं, १९८६ साली पुस्तक आलं. बाहेरचा जातवाला आणि घरातला नवरा, दोघांचाही हिशेब त्यात आहे. सभेत टाळ्या वाजवणाऱ्या आपण पुरुषांनी ते पुस्तक जरा सावकाश वाचावं. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात आमच्या बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्यांचा ढीग आहे. मराठी साहित्याच्या इतिहासात या कवयित्री कुठल्या पानावर आहेत? पान दाखवा.

आता बाजाराकडं वळू. आज प्रेरणा विकत मिळते. फुटपाथवर, सिग्नलला, फोनवर. श्रीमंत कसं व्हावं, सात सवयी, पहाटे पाचला उठा, स्वतःला बदला म्हणजे जग बदलेल. हे वाचून मुलाखतीला जायचा धीर आला असं मला एका पोरानं सांगितलं. धीर आला असेल तर चांगलं झालं, मी हिसकावून घेत नाही. पण त्या पुस्तकांची पहिली ओळ काय असते ते तपासा. तू गरीब आहेस कारण तुझा विचार गरीब आहे. म्हणजे पुन्हा लाज! आम्ही एवढ्या कष्टानं परत केलेली लाज नव्या वेष्टनात, किंमत लावून, आमच्याच गळ्यात. तुझा बाप कांद्याच्या गोणी वाहत मेला तो पहाटे पाचला उठत नव्हता म्हणून का? तो तर तीनला उठायचा. ‘असूड’ आणि हे पुस्तक, दोन्ही शेजारी ठेवा. एक सांगतं कारण शोध. दुसरं सांगतं दोष घे.

आणि तुमची मांजरी. ३० जून २०२१ ला मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेलं. उसाच्या फडाच्या जागी टॉवर उभे राहिले. इथं उसावर संशोधन करणारी संस्था आहे, द्राक्षांवर संशोधन करणारं केंद्र आहे, शेजारी जगभर लस पाठवणारा कारखाना आहे. चांगलं आहे. पण टॉवरच्या गेटवर निळा शर्ट घालून रात्रपाळी करणारा पोरगा आपला, लिफ्ट पुसणारी बाई आपली, पाठीवर पिशवी घेऊन दहा मिनिटांत किराणा पोचवणारा आपलाच. त्यानं काय वाचावं, काय ऐकावं, यावर कुणाचं संशोधन चालू नाही.

अभ्यासिका गल्लोगल्ली निघाल्यात. मी आत डोकावून बघतो. पोरं बारा-बारा तास बसतात. टेबलावर सामान्य ज्ञानाचं गाइड, चालू घडामोडी, मागच्या वर्षीचे पेपर. फुल्यांचा जन्म कधी, याचं उत्तर चार पर्यायांतून निवडता येतं. ‘असूड’चं एक पान वाचलेलं नसतं. मी परीक्षा देऊ नका म्हणत नाही. द्या, अधिकारी व्हा, राखीव जागा बापाच्या मेहरबानीनं मिळालेल्या नाहीत. पण हजारो पोरं बसतात आणि जागा शेकड्यात निघतात. उरलेल्यांचं काय? ती पोरं गाइड रद्दीत घालतात आणि लाज घेऊन घरी येतात. त्यांना नापास करणारी व्यवस्था कोणती, हे सांगणारं पुस्तक त्या टेबलावर नव्हतं.

सरकारचं म्हणाल तर बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड १९७९ पासून निघू लागले. वसंत मून यांनी त्यापायी जन्म घातला. स्वस्त किंमत, चांगला कागद. पण नंतर छपाई रखडली, आणि २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. विचार करा, मागणी असलेलं पुस्तक छापा म्हणून कोर्टाला सांगावं लागतं. आपली माणसं मात्र थांबत नाहीत. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जा, दसऱ्याला दीक्षाभूमीवर जा, १ जानेवारीला कोरेगाव भीमाला जा. पोटाला चिमटा घेऊन आलेली माणसं भाकरीच्या फडक्यात पुस्तक बांधून नेतात. महाराष्ट्रात असा दुसरा वाचक दाखवा.

जयंतीचं बोलतो, रागावू नका. डीजेच्या भिंती लागतात. मी नाचू नका म्हणणारा सोवळा माणूस नाही. आपल्या बापजाद्यांनी दुसऱ्यांच्या वरातीपुढं वाजवलं, आता स्वतःच्या बापाच्या जयंतीत नाचलात तर काय बिघडलं? नाचा. पण एक बघा. त्या भिंतीतून गाण्यातला शब्द ऐकू येतो का? वामनदादांनी भरल्या वयात बाराखडी शिकून जो शब्द कमावला तोच त्या दणक्यात खाली पडतो. ठोका राहतो, म्हणणं जातं. बिनशब्दाची हलगी म्हणजे पुन्हा पाटलाच्या दारातली हलगी. फरक एवढाच की या वेळी वर्गणी आपण भरलेली असते.

म्हणून मी दोनच कामं मागतो. पुढच्या जयंतीच्या वर्गणीतला दहावा हिस्सा पुस्तकांना. कुलूपबंद कपाट नको, अभ्यासिकेच्या टेबलावर, गाइडाच्या शेजारी. ‘असूड’, मुक्ता साळवेचा निबंध, ‘बलुतं’, ‘फकिरा’, ‘जिणं आमुचं’, बाबासाहेबांचे खंड. हरवली तर हरवू द्या, वाचणाऱ्यानंच नेली असतील. दुसरं, आठवड्यातून एक संध्याकाळ समाजमंदिरात एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कांदे निवडून आलेल्या बायांना पुढं बसवा. वाचून झालं की त्यांना त्यांची गाणी म्हणायला लावा आणि ती वहीत उतरवून घ्या, म्हणणारीच्या नावासकट. १८८३ साली हडपसरला जे झालं ते मांजरीला आज होऊ शकत नाही, असं कारण मला तरी दिसत नाही. वीज आहे, छप्पर आहे, वाचता येणारी पोरं आहेत.

आणि वाचून झाल्यावर टाळ्या वाजवू नका. प्रश्न विचारा. या पुस्तकातलं माझ्या घरात कुठं घडलं? माझ्या गेटवर, माझ्या गाडीवर, माझ्या बहिणीच्या सासरी कुठं घडतंय? चुकीचा प्रश्न आला तरी येऊ द्या.

पुढच्या वेळी वक्ता म्हणून मला बोलवू नका. तुमच्यातल्या एखाद्या पोरीनं स्वतः लिहिलेलं वाचून दाखवावं. मी मागं सतरंजीवर बसून ऐकीन.

जय भीम.